अर्थसंकल्पात मंजूर झालेला रस्ता प्रत्यक्षात का होत नाही? राज्य सरकार निधी नेमका कसा वाटतं?

तुम्ही विचारलंय, दोन वर्षांपूर्वी गावच्या रस्त्याचं नाव राज्याच्या अर्थसंकल्पात आलं, अभिनंदनाचे फलक लागले, पण अजून खडीसुद्धा पडलेली नाही. मग पैसे गेले कुठे? मी जिल्हा पातळीवर लेखा शाखेत नोकरी केली आहे. हाच प्रश्न घेऊन येणारे सरपंच मी पुष्कळ पाहिले आणि त्यांचा संताप मला नेहमीच रास्त वाटला. बहुतेक वेळा असे पैसे कुठे गेलेले नसतात, ते आलेलेच नसतात.

अर्थसंकल्पासोबत सार्वजनिक बांधकाम विभागाची कामांची यादी असते. त्यात तुमच्या रस्त्यापुढे अंदाजित किंमत, आजवरचा खर्च आणि यंदाची तरतूद असे आकडे असतात. समजा किंमत ४ कोटी आहे आणि यंदाची तरतूद १० लाख. याला टोकन तरतूद म्हणतात. काम यादीत आलं, आता निविदेपर्यंत जाता येतं, पण १० लाखांत रस्ता होत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तरतूद मिळवावी लागते आणि तोवर यादीत आणखी शेकडो कामं शिरलेली असतात. ठेकेदाराची बिलं थकली की तो यंत्रं उचलून दुसरीकडे जातो. फलकावर मात्र ४ कोटीच छापलेले असतात. लोकांची सगळ्यात मोठी दिशाभूल इथे होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

टोकनवर वेळ का येते? २०२५-२६चा महाराष्ट्राचा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटींचा मांडला गेला. त्यात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे रोजचा कारभार चालवतानाच ४५,८९१ कोटींची तूट. जमेत जीएसटी, मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क, इंधनावरचा व्हॅट आणि केंद्राकडून येणारा वाटा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला आणि त्या हिश्श्यातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला. या जमेतला निम्म्याहून अधिक पैसा पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरच्या व्याजात जातो. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी ठेवले होते. हे सगळं भागवून जे उरतं आणि जे कर्ज काढता येतं, त्यावर रस्ते, धरणं, शाळाखोल्या, दवाखाने असे सगळेच डोळे लावून बसलेले असतात.

मंजुरीची रीत संविधानाने घालून दिलेली आहे. विभाग आपले अंदाज पाठवतात, वित्त विभाग त्यांना कात्री लावतो आणि अनुच्छेद २०२नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र विधिमंडळासमोर येतं. मग खात्यांच्या मागण्यांवर चर्चा आणि मतदान. वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच एकत्र मताला टाकतात. कर्जावरचं व्याज किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन हा भारित खर्च, त्यावर मतदानच होत नाही. शेवटी विनियोजन विधेयक मंजूर झालं की मगच राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येतो. यानंतर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. अचानक आलेल्या अतिवृष्टीसाठी त्या हव्यातच, पण आधीच ठाऊक असलेला खर्चही जेव्हा पुरवणीत घुसतो तेव्हा मार्चमधल्या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही.

विधिमंडळाची मंजुरी मिळाली तरी तिजोरी लगेच उघडत नाही. वित्त विभाग वर्षभरात टप्प्याटप्प्याने निधी सोडतो. टाळेबंदीत, ४ मे २०२० रोजी, शासनाने निर्णय काढून त्या वर्षी तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असं सांगितलं होतं. अर्थसंकल्प मंजूर होता, पण कामं जागच्या जागी थांबली. एरवीही प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या साखळीत महिने जातात. निधी बीम्स या शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर दिसायला लागतो तोवर फेब्रुवारी उजाडलेला असतो. मग ३१ मार्चला कोषागारात बिलांचे गठ्ठे आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे संगणक. त्या दिवशी जे निघालं नाही ते व्यपगत होतं, म्हणजे त्या तरतुदीची मुदतच संपते. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्चायला दुसरं वर्षही मिळतं, तेवढाच दिलासा.

वाटप न्याय्य आहे का, हा वेगळा आणि जुना प्रश्न आहे. १९८४मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांतल्या विकासाची तूट, मोजला, तो ३,१८६ कोटींच्या घरात निघाला. पुढे १९९४मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली, निधी समन्यायी वाटण्याची जबाबदारी राज्यपालांकडे गेली. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. मागास तालुक्यांच्या बाजूने आकडे मांडणारी एक अधिकृत जागा त्यामुळे गेली, याची मला खरंच खंत वाटते.

तुमच्यासारख्यांना पोहोचता येईल अशी जागा म्हणजे जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा वार्षिक योजनेतली कामं तिथे ठरतात. ग्रामीण रस्ते, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रं यांचा बराच पैसा याच वाटेने येतो.

आता तुमच्या रस्त्याबद्दल. माहिती अधिकारात 'रस्ता का झाला नाही' असं विचारू नका, त्याला 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच उत्तर येतं. काम कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या क्रमांकाच्या खात्यात, आहे ते आधी विचारा. नवं बांधकाम असेल तर ५०५४, देखभाल-दुरुस्ती असेल तर ३०५४, ग्रामविकास विभागाचं असेल तर बहुधा २५१५. मग प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि दिनांक, दोन्ही वर्षांची तरतूद, प्रत्यक्ष वितरित झालेला निधी आणि कार्यारंभ आदेशाची प्रत मागा. तरतूद आणि वितरण हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की अडलंय ते मंत्रालयात, की जिल्ह्यातल्या कार्यालयात, हे तुम्हाला कागदावरच दिसेल. पुढचा अर्ज त्या दारात करा.