कॅम्परव्हॅनचे भाडे कसे जोखावे?

प्रश्न : मी आणि माझी पत्नी कोणत्याही सहल-कंपनीची मदत न घेता, मुक्काम आधी न ठरवता, दोन आठवडे कॅम्परव्हॅनने, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, फिरणार आहोत. एकाच आकाराच्या गाडीसाठी निरनिराळ्या कंपन्यांच्या दैनंदिन भाड्यात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. स्वस्त गाडी घ्यावी का?

उत्तर : दैनंदिन भाडे हा या व्यवसायातला सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे, कारण त्यात काय धरायचे हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. किलोमीटरची मर्यादा, दुसऱ्या चालकाचे शुल्क, अंथरूण-पांघरूण, भांडी, गॅस आणि गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचे शुल्क हे सारे धरून एकूण रक्कम लेखी मागवा. मगच तुलना करा.

तुमच्या पत्रातले ‘मुक्काम आधी न ठरवता’ हे शब्द मात्र अधिक महत्त्वाचे आहेत. रोज रात्री वीजजोडणी असलेल्या कॅम्पिंगच्या तळावर थांबणाऱ्याला साधी गाडी पुरते. तुम्हाला वीज, पाणी आणि शौचालय गाडीतच हवे. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची (हे विजेच्या साठ्याचे माप) शिसे-आम्ल बॅटरी तिचे आयुष्य राखायचे तर साधारण निम्मीच वापरता येते, आणि कॉम्प्रेसरचा लहान फ्रिज दिवसाला ३० ते ४० अँपिअर-तास सहज घेतो. म्हणजे गाडी एका जागी उभी राहिली, तर दुसऱ्या दिवशीच चिंता सुरू होते. म्हणून बॅटरी लिथियमची आहे का, सौर पॅनेल आहे का आणि गाडी चालताना ती बॅटरी चार्ज होते का, हे विचारा. जाहिरातीतल्या छायाचित्रांत गादी आणि दिव्यांच्या माळा दिसतात, बॅटरी दिसत नाही.

शौचालयाचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. न्यूझीलंडमध्ये २०२३ च्या कायद्यानुसार गाडीला ‘स्वयंपूर्ण’ असे प्रमाणपत्र मिळण्यासाठी शौचालय पक्के बसवलेले असावे लागते, आणि तळाबाहेरच्या अनेक जागी अशाच गाड्यांना रात्री थांबता येते. आइसलँडमध्ये तर जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तळाबाहेर कॅम्परव्हॅनमध्ये झोपण्यास मनाई आहे. तिथे महाग, स्वयंपूर्ण गाडीमुळेही ही मोकळीक मिळत नाही. तेव्हा जिथे जाणार तिथला नियम आधी वाचून मगच गाडी निवडावी.

विम्यात दोन गोष्टी पाहा : नुकसान झाल्यास स्वतःच्या खिशातून किती रक्कम भरावी लागेल, आणि कोणते भाग विम्यातून वगळले आहेत. छप्पर, गाडीचा तळ, टायर आणि काच अनेकदा वगळलेले असतात. उंच गाडी कमी उंचीच्या कमानीखाली घालणे ही नवख्या चालकाची नेहमीची चूक असल्याने छप्पर वगळलेला करार मी तरी टाळेन. गाडीची उंची चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवून ठेवावी.

एका शहरातून दुसऱ्या शहरात गाडी पोहोचवण्यासाठीच्या अत्यल्प भाड्याच्या योजनांत मोजकेच दिवस मिळतात. तुमच्या बेताला त्या जुळणार नाहीत.