ऑनलाइन मागवलेलं मुलांचं कपाट जोडताना अडकलोय, सुतार बोलवू का?

बोलवा, पण कपाट जोडायला नाही, शेवटी भिंतीत दोन भोकं पाडायला. का ते सांगते.

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात भाड्याच्या घरात राहता, पोरीसाठी वर दोन दारं आणि खाली तीन ड्रॉवर असलेलं कपाट मागवलं, रविवार सगळा त्यात गेला, आणि आता एक दार तिरकं बसतंय, एका फळीची कड पुढून कच्ची दिसतेय आणि शेवटी एक नायलॉनचा पट्टा, दोन छोटे ब्रॅकेट नि चार लांब स्क्रू उरलेत. त्यामुळे सगळं खोलून परत पाठवावं असं वाटतंय. परत पाठवू नका हो, यातलं सगळं दुरुस्त होतं. मी सांगलीत विश्रामबागला असते, वडील कुपवाड एमआयडीसीत फिटर होते त्यामुळे पाने-स्क्रूड्रायव्हर लहानपणापासून हाताळलेत, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये असला बॉक्स आला की मलाच हाक मारतात.

कच्च्या कडेचं आधी. ती फळी उलटी लागलीय, बाकी काही नाही. या फळ्यांना दिसणाऱ्या बाजूलाच पट्टी चिकटवलेली असते, मागची आणि खालची कड तशीच सोडतात. तेवढी एक फळी काढून फिरवायची. काढताना मिनिफिक्स, म्हणजे ते गोल चाकासारखं लॉक, उलटं साधारण अर्धा फेरा फिरवलं की सुटतं. परत लावताना त्याच्यावरचा बाण फळीच्या कडेकडे, म्हणजे जिथून समोरचा बोल्ट आत येतो तिकडे पाहिजे. फिरवताना नुसतंच गरगर फिरत असेल तर बोल्टचं डोकं आत पोचलेलं नाही, तेव्हा जोर लावू नका, फळ्या हाताने एकमेकींवर दाबा आणि मग फिरवा.

आणि ड्रिल मशीनने स्क्रू मारू नका प्लीज. हा पार्टिकल बोर्ड आहे, लाकडाचा चुरा रेझिनमध्ये दाबून केलेला, त्याला लाकडासारखे रेषे नसतात, एकदा भोकातली पकड गेली की स्क्रू नुसता फिरत राहतो. तसं एखादं भोक झालंच असेल तर काडेपेटीच्या काड्या, गुल तोडून, फेविकॉलमध्ये बुडवून आत ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि सकाळी हाताने स्क्रू लावायचा, मस्त धरतो. सुताराला जोडायला बोलवू नका म्हणाले तेही याचसाठी. आपल्याकडचे सुतार चांगलेच आहेत पण त्यांचा हात प्लायवूड आणि सागवानावर बसलेला, ते खिळा आणि फेविकॉल मारून मोकळे होतात, मग कपाट घट्ट होतं खरं पण उद्या घर बदलताना सुटणार नाही, आणि भाड्याच्या घरात तेच जास्त महत्त्वाचं.

आता तिरकं दार. इथे बहुतेक जण बिजागरीच्या मागे लागतात. बिजागरीला दोन स्क्रू असतात हे खरं, एकाने दार डावं-उजवं सरकतं, दुसऱ्याने आत-बाहेर. पण त्याच्या आधी कपाटाचा सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघा. टेप घ्या, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत मोजा, मग दुसरा तिरका मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर गुण्यात, नाही आली तर ज्या बाजूने माप जास्त येतंय त्या दोन कोपऱ्यांना आतल्या बाजूने हळू दाबायचं. पण मागचा पातळ शीट खिळ्यांनी ठोकलेला असेल तर सांगाडा हलणारच नाही, कारण कपाट काटकोनात धरून ठेवायचं काम तोच शीट करतो, दिसायला पुठ्ठ्यासारखा असला तरी. म्हणून ते खिळे काढा, सगळे स्क्रू थोडे सैल करा, मापं जुळवा, शीट परत ठोका आणि मगच सगळे स्क्रू आवळा. आमचे वडील कुठलंही मशीन जोडताना आधी सगळे बोल्ट हाताने बसवायचे आणि पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यायचे, इथेही अगदी तेच चालतं. एवढं करूनही दार तिरकंच राहिलं तर फरशी बघा, जुन्या घरात शहाबादीला उतार असतो, मोबाइलमध्ये लेव्हलचं ॲप असतं ते कपाटावर ठेवून बघा आणि ज्या कोपऱ्याला कमी पडतंय तिथे प्लास्टिकची पट्टी सारा.

आता उरलेला तो पट्टा. खरं म्हणजे याच्यासाठीच एवढं लिहायला बसले. तो जास्तीचा आलेला नाहीये, बॉक्समधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच आहे, आणि मी बघते त्या प्रत्येक घरात ती पुडी तशीच बंद पडलेली असते. कपाट वरून भिंतीला बांधायचा पट्टा आहे तो. लहान मूल ड्रॉवर उघडतं, त्याची पायरी करून वर चढतं, उघड्या ड्रॉवरमुळे वजन आधीच पुढे आलेलं असतं आणि सगळं कपाट त्याच्या अंगावर येतं. अमेरिकेत असंच होऊन मुलं दगावली, त्यानंतर २०१६ च्या जूनमध्ये आयकियाला तिथे सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलवावी लागली, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथे यासाठी कायदा झाला. आता तिथे असलं कपाट विकायचं तर ६० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण २७ किलोच्या मुलाचा भार धरून टेस्ट करावं लागतं. आपण मात्र घरमालक भोक पाडू देणार नाही म्हणून पुडी कचऱ्यात टाकतो. घरमालकाशी बोला, घर सोडताना व्हाइट सिमेंटने भोक बुजवून देतो म्हणा, त्याच्या घरात लहान पोरं असतील तर त्याला लगेच कळेल.

सुतार किंवा इलेक्ट्रिशियन, ज्याच्याकडे हॅमर ड्रिल असेल तो, त्याला याच्यासाठी बोलवा. विटांच्या भिंतीत भोक पाडून गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा प्लग, बसवायची आणि तिच्यात स्क्रू, नुसत्या प्लास्टरमध्ये काही राहत नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल चालवू द्यायचं नाही, वायरिंग तिथूनच गेलेलं असतं. कपाटाकडचं टोक जाड फळीत लावायचं, मागच्या पातळ शीटमध्ये नाही, आणि पट्टा ताणून बसवायचा. घर जुनं असून भिंत मातीची असेल तर गिट्टी धरणार नाही, मग दुसरी पक्की भिंत शोधा, कपाट तिथे हलवा.

अजून एक, पाणी. २०१९ च्या पुरानंतर इथे रस्त्यारस्त्यावर फुगलेल्या फर्निचरचे ढीग होते, त्यामुळे सांगलीकरांना पार्टिकल बोर्ड आणि पाणी हे काय आहे ते पक्कं माहितीय, पण पूर लागत नाही हो, फरशी पाणी ओतून धुतली तरी खालची कच्ची कड फुगते. खाली प्लास्टिकचे बूट लावा आणि फरशी पुसूनच घ्या.

मूल रांगणारं असेल तर उरलेसुरले स्क्रू मोजून डब्यात ठेवा, तोंडात जातात. जड पुस्तकं आणि खेळणी खालच्या ड्रॉवरमध्ये, आणि कपाटाच्या डोक्यावर टॅब, चॉकलेटचा डबा, आवडती बाहुली असलं काही म्हणजे काहीच ठेवायचं नाही, पोरं चढतात ती त्याच्यासाठीच.