टॉवेलवर वाचले दीडशे, कार्डाला गेले अडीच हजार

प्रश्न: मी अक्कलकोट रोड, सोलापूर इथे राहते. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतात, पगार ३४,०००. चार महिन्यांपासून कूपन वापरून खरेदी करते, आतापर्यंत ३,१०० वाचवले. पण 'कमाल सवलत', 'किमान खरेदी', 'नो-कॉस्ट ईएमआय' यांत गोंधळ होतो. परवाच १५० रुपयांच्या कूपनसाठी ३५० चे टॉवेल जास्तीचे घेतले. दिवाळीच्या सेलमध्ये फ्रिज आणि मोबाइल क्रेडिट कार्डावर घेतला, १,५०० सूट मिळाली. त्याचे ६०,००० बाकी आहेत, किराणाही त्याच कार्डावर असतो. मिनिमम, म्हणजे बिलातली किमान रक्कम, मात्र न चुकता भरते. मुलीच्या शिक्षणासाठी ९०,००० ची एफडी आहे, तिला हात लावत नाही.

उत्तर: ताई, आधी तुम्ही विचारलंय ते.

'६०% सूट, कमाल १२०' याचा अर्थ २०० रुपयांच्या खरेदीवर १२० सुटतात आणि ५०० च्या खरेदीवरही १२०च. म्हणजे पाचशेला सूट २४% झाली. कमाल रकमेला टक्क्याने भागा (१२० भागिले ०.६० म्हणजे २००), येईल तेवढ्याच रकमेची खरेदी करा. त्यापुढचा प्रत्येक रुपया पूर्ण भावाचा. '५०% + २०%' म्हणजे ७०% नव्हे. हजाराचे पाचशे, पाचशेचे चारशे, म्हणजे ६०%. 'दोनावर एक मोफत' ही ३३% सूट, तीही तिन्ही वस्तू लागणार असतील तरच. कॅशबॅक बहुधा त्यांच्याच वॉलेटमध्ये येतो, मुदतीसह, म्हणून तो पुढच्या खरेदीचा विसार समजा. आणि कूपन लावून घेतलेल्यातली एखादी वस्तू परत केली, बिल किमान खरेदीच्या खाली गेलं, तर सवलत परताव्यातून कापली जाऊ शकते.

किमान खरेदीचा सापळा तुम्हीच सांगितलाय: १५० वाचवायला ३५० घातले, म्हणजे खिशातून २०० जास्त गेले. बरं, घेतलं काय, तर टॉवेल. सोलापुरात राहून, कारखान्यातला माणूस घरात असताना!

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांत, व्याज असतंच. तेवढीच रक्कम सवलत म्हणून वळती करतात, पण व्याजावरचा १८% जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच जाते. 'शून्य टक्के' योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बोट ठेवलं, तेव्हापासून हे नवं नाव जास्त चालतं.

आता जे विचारलंच नाहीत ते. 'मिनिमम न चुकता भरते' हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय, तिथेच घर बुडतंय. कार्डाचं व्याज साधारण महिन्याला ३.५% असतं. ६०,००० वर २,१००, त्यावर जीएसटी, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास. मिनिमम ५% धरलं तर तुम्ही ३,००० भरता. त्यातले मुद्दलात जातात जेमतेम ५००. चार महिन्यांत दहा हजार व्याज गेलं आणि कूपनने वाचले ३,१००. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी दिवस संपतात. आज घेतलेल्या तेलाच्या डब्यावरही आजपासूनच व्याज लागतं. १,५०० च्या सवलतीसाठी घेतलेला फ्रिज किती महाग पडला, हे बिलावर कुणी छापत नाही.

आणि शेजारी एफडी झोपलीय. ७% धरा, तर ६०,००० वर महिन्याला ३५० मिळतात. साडेतीनशे कमवायला अडीच हजार मोजायचे, याला बचत कसं म्हणायचं? एफडी मोडा. मुदतीआधी मोडली की बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात. ९०,००० वर वर्षाचे साधारण ९००. कार्ड तेवढे अकरा-बारा दिवसांत खातं. मुलीचं नाव घेऊन मन घट्ट होत नसेल, तर एफडीवर कर्ज काढा: दर एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त, म्हणजे महिन्याला ४००-४५०. पण मोडणंच स्वस्त.

भरण्याच्या दिवशी बँकेला फोन करून त्या दिवसाची पूर्ण थकबाकी विचारा, स्टेटमेंटवरचा आकडा जुना असतो. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज पुन्हा येईल. तेही पूर्ण भरा, नाहीतर चक्र परत सुरू. तोवर कार्ड कपाटात ठेवा, कूपन यूपीआयवर वापरा, बरीच चालतात. उरलेले ३०,००० मुलीच्या नावाने पुन्हा एफडीत टाका आणि मिनिममचे ३,००० दर महिन्याला आवर्ती ठेवीत वळवा. वीस महिन्यांत साठ हजार परत, वर व्याज.

नंतर कार्ड काढलंत, तर ऑटो-डेबिट लावा. तिथे दोन पर्याय येतात: पूर्ण रक्कम की मिनिमम. पूर्ण निवडा.