शेडमधून ऑफिस दिसतं, ऑफिसमधून शेड का दिसत नाही?

प्रश्न : इचलकरंजीत माझा यंत्रमागाचा कारखाना आहे. पुढे ऑफिस, मागे शेड. ऑफिसात फायबरच्या कनेक्शनबरोबर आलेला डबा आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. शेडमध्ये आमचा जुना राउटर लावलाय आणि ऑफिसातून आलेली केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टात आहे. शेडमधल्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८.० ने सुरू होतात. शेडमधल्या संगणकावरून दिवाणजींच्या संगणकातलं हिशेबाचं फोल्डर झकास उघडतं. पण ऑफिसातून सीसीटीव्हीचा रेकॉर्डर (१९२.१६८.०.५०) दिसत नाही, पिंगलाही (यंत्र जागं आहे का ते बघणाऱ्या हाकेलाही) उत्तर नाही. तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला, केबल बदलली, दिवाणजींच्या संगणकाची फायरवॉल (बाहेरच्यांना अडवणारा पहारा) बंद केली. तिकडून इकडे रस्ता आहे, तर इकडून तिकडे का नाही?

उत्तर : केबलचे पैसे वाया गेले, आणि ती फायरवॉल आजच्या आज परत चालू करा.

तुमच्या शेवटच्या वाक्यातच गोम आहे. शेडमधून ऑफिसात ‘रस्ता’ आहे असं तुम्हाला वाटतं, पण तो रस्ता नाही, नॅटची (पत्ता बदलून पाठवण्याची) करामत आहे. शेडमधला राउटर आतून आलेल्या प्रत्येक पॅकेटवरचा (माहितीच्या पुडक्यावरचा) पाठवणाऱ्याचा पत्ता पुसतो आणि तिथे स्वतःचा, म्हणजे वॅन पोर्टचा पत्ता लिहितो. तो १९२.१६८.१.२ आहे असं धरू. दिवाणजींच्या संगणकाला वाटतं, शेजाऱ्यानेच काहीतरी मागितलं. तो शेजाऱ्याला उत्तर देतो आणि राउटर ते आत पोचवतो. शेड नावाची काही जागा आहे याचा त्या संगणकाला पत्ताच नाही.

आता उलट बाजूने बघा. एका सबनेटमधली (पत्त्यांच्या एकाच गटातली) यंत्रं चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी असतात. गॅलरीतून हाक मारली की ज्याचं नाव तो ओ देतो. दुसऱ्या चाळीतल्या माणसाला ही हाक ऐकू जात नाही, त्याचा निरोप फाटकावर द्यावा लागतो. ऑफिसच्या संगणकाचा मास्क (पत्त्याचा किती भाग चाळीचा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० आहे, म्हणून ०.५० (सुरुवातीचं १९२.१६८ गाळून लिहितोय) आपल्या चाळीतला नाही हे त्याला कळतं आणि तो निरोप फाटकावर (गेटवेवर), म्हणजे १.१ वर देतो. फायबरच्या डब्याला १९२.१६८.० कुठे आहे हे कोणी सांगितलेलंच नाही. तो निरोप बाहेर कंपनीकडे ढकलतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राप्रमाणे खासगी वापरासाठी राखलेले आहेत. इंटरनेटवर त्यांना कोणी विचारत नाही, त्यामुळे निरोप तिकडेच मरतो. स्वतः बघायचं तर कमांड प्रॉम्प्टवर ट्रेसर्ट (tracert), मग -डी (-d), मग रेकॉर्डरचा पत्ता द्या. पहिल्या ओळीत १९२.१६८.१.१ दिसेल. पुढे फुल्या, नाहीतर कंपनीकडचा एखादा अनोळखी पत्ता.

उपायाआधी एक विचारतो : दोन सबनेट मुद्दाम केलेत की जुना राउटर पडून होता म्हणून झालेत? मुद्दाम नसतील तर मोडून टाका. शेडच्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅन (आतल्या जोडणीच्या) पोर्टात घाला. रेकॉर्डरलाही १.५० द्या. एका सबनेटमध्ये २५४ पत्ते मावतात. तुमच्याकडे मागालासुद्धा एकेक पत्ता दिलात तरी पुरतील.

कामगारांचे मोबाइल शेडच्या वायफायवर असतील आणि ते हिशेबापासून लांब हवे असतील, तर मात्र वेगळेपणाला अर्थ आहे. (आत्ताच्या मांडणीत ते लांब नाहीत, बरं का. शेडमधला कुणीही दिवाणजींच्या दारापर्यंत येतो.) फक्त रेकॉर्डर बघायचा असेल तर नॅट राहू द्या आणि शेडच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करा. रेकॉर्डरचं पोर्ट (हे केबलचं भोक नव्हे, सेवेचा क्रमांक) ०.५० कडे वळवायचं आणि ऑफिसात पत्ता १९२.१६८.१.२ टाकायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

दोन्ही बाजूंनी सगळं खुलं हवं असेल तर फायबरच्या डब्यात स्टॅटिक राउट (हाताने लिहून दिलेला रस्ता) घाला : नेटवर्क १९२.१६८.०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२. त्यासाठी १.२ हा वॅनचा पत्ता कायमचा बांधून घ्या, नाहीतर एखाद्या दिवशी वीज गेली-आली की तो बदलेल. मग शेडच्या राउटरचं नॅट बंद करा आणि त्याच्या फायरवॉलमधून १९२.१६८.१ वाल्यांना आत सोडा. क्रम हाच ठेवा. पुष्कळ कंपन्या डब्यातलं राउटचं पान कुलूपबंद ठेवतात. तसं असेल तर नॅटला हात लावू नका, शेडचं इंटरनेटच जाईल.

नॅट बंद केल्यावर गंमत होईल : रेकॉर्डर दिसेल, आणि इतके दिवस उघडणारं हिशेबाचं फोल्डर शेडमधून उघडेनासं होईल! घाबरू नका. आता पॅकेटवर शेडचा खरा पत्ता येतो, आणि विंडोजची फायरवॉल फाइल शेअरिंग सहसा आपल्याच सबनेटला देते. त्या नियमाच्या स्कोपमध्ये (कुणाला सोडायचं त्या यादीत) १९२.१६८.०.०/२४, म्हणजे १९२.१६८.० ने सुरू होणारे सगळे पत्ते, वाढवा. आणि फोल्डर संगणकाच्या नावाने उघडत नसेल तर आयपी पत्त्याने उघडून बघा.

एवढं करूनही रेकॉर्डर गप्प राहिला, पण शेडमधून त्याला पिंग लागतं, तर रेकॉर्डरच्या सेटिंगमधला गेटवेचा रकाना बघा. एका दवाखान्यातल्या प्रिंटरपायी मी अख्खा दिवस घालवलाय. दोन्ही राउटर फॅक्टरी रिसेट करून झाले, राउट तीनदा लिहिले. संध्याकाळी प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर दिसलं, गेटवे ०.०.०.०. निरोप त्याच्यापर्यंत नीट पोचत होता, उत्तर कुठल्या फाटकावर द्यायचं हे त्याला माहीत नव्हतं. तिथल्या कंपाउंडरने, ‘काय सर, एवढंच होतं?’ असं विचारलं, ते अजून आठवतं. तुमच्या रेकॉर्डरला गेटवे हवा १९२.१६८.०.१, म्हणजे शेडच्या राउटरचा आतला पत्ता.

प्रश्न : नवीन फायबर आल्यावर त्याला जुना राउटर जोडला. वायफाय दिसतं, पण इंटरनेट नाही. कंपनी म्हणते, लाइन ठीक आहे. (चिपळूण)

उत्तर : कंपनी बहुधा खरं बोलतेय. दोन्ही डब्यांच्या तळाचं लेबल वाचा. दोन्हींवर १९२.१६८.१.१ असेल तर जुन्या राउटरला आतबाहेर एकच सबनेट दिसतंय, मग पॅकेट कुठल्या दाराने काढायचं हे त्याला ठरवता येत नाही. वॅनची केबल काढा, जुन्याचा लॅन पत्ता १९२.१६८.२०.१ करा, केबल परत लावा. मोबाइल वायफायला तोडून जोडला की नवा पत्ता घेईल. ज्या यंत्राला पत्ता हाताने दिला असेल, त्याचा हातानेच बदला, आणि गेटवेही.