साइट नको असेल तर हे क्षेत्रच नको

तुमचे पत्र दोनदा वाचले. मुलीचे रसायनशास्त्राचे पदवीचे शेवटचे वर्ष सुरू आहे, तिला औद्योगिक सुरक्षेत पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे, आणि तुम्ही तीन विद्यापीठांचा तक्ता जोडला आहे: क्रमवारी, फी, प्लेसमेंटची टक्केवारी. तिघांपैकी चांगले कोणते, हा तुमचा प्रश्न. शिवाय एक अट: ‘साइटवर फिरावे लागणार नाही, ऑफिसातच काम राहील, असाच अभ्यासक्रम सुचवा.’

मी अडखळलो ते या अटीपाशी. अट तुमची आहे. मुलीला काय हवे, याबद्दल त्या लांबलचक पत्रात एक ओळही नाही. तिला हे क्षेत्र का आवडले, हेसुद्धा तुम्ही लिहिलेले नाही. बाप म्हणून काळजी वाटणे मला समजते. पण सुरक्षेचे काम टेबलावर होत नाही. टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या हातातले वर्क परमिट, म्हणजे धोक्याचे काम सुरू करण्याची लेखी परवानगी, खरे आहे की नुसते सही-शिक्क्याचे, हे टाकीपाशी उभे राहूनच कळते. आणि या पेशातला सर्वांत कठीण क्षण म्हणजे उत्पादन थांबले म्हणून चिडलेल्या वरिष्ठाला ‘काम सुरू होणार नाही’ असे सांगणे. स्वतःच्या शिक्षणाबद्दल घरात जिचे मत विचारले जात नाही, तिच्याकडून उद्या प्लांट मॅनेजरपुढे अशा ठामपणाची अपेक्षा कशी करायची?

आता तुमचे दुसरे वाक्य. ‘अपघात शेवटी कामगारांच्या निष्काळजीपणानेच होतात, मग त्यात दोन वर्षे शिकण्यासारखे काय?’ हा समज फार जुना आहे. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी 1931 मध्ये मांडले की 88 टक्के अपघातांचे कारण माणसाची असुरक्षित कृती असते. हा आकडा विम्याच्या दाव्यांवरून आणि कारखान्यांनीच भरलेल्या अहवालांवरून काढलेला होता. सुपरवायझरने स्वतः लिहिलेल्या अहवालात दोष कुणाच्या नावावर जाणार, हे वेगळे सांगायला नको. भोपाळ घ्या. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या अत्यंत विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती आणि निसटलेला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. हे निर्णय पाळीवरच्या कामगाराचे नव्हते. म्हणूनच या शास्त्रात धोका मुळातूनच काढून टाकणे पहिले, मग कमी घातक पदार्थ वापरणे, मग यंत्रातच बंदोबस्त करणे, त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण. हेल्मेट-हातमोजे सगळ्यांत शेवटी येतात. ज्या विभागात हा क्रम उलटा शिकवतात, तिथे पोस्टर चिकटवणारे अधिकारी तयार होतात. तशांची बाजारात वाण नाही.

तुमच्या तक्त्यातली क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची आहे. सुरक्षेच्या विभागाबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यापेक्षा अभ्यासक्रमाला स्वतंत्र मान्यता आहे का ते पाहा. अमेरिकेतली अबेट ही संस्था विद्यापीठाला नव्हे, एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देते. मान्यता नसली म्हणजे विभाग वाईटच असे नाही, पण मग तपासण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. प्लेसमेंटच्या टक्केवारीत पदवीधरांना कोणते काम मिळाले ते दिसत नाही. रजिस्टर भरणे हीही नोकरीच. नेबॉश या ब्रिटिश संस्थेच्या सुरक्षा-परीक्षांसारखी प्रमाणपत्रे पदवीनंतर केव्हाही करता येतात. ती ‘सोबत मोफत’ मिळतात म्हणून प्रवेश घेऊ नका.

विषयांच्या यादीत विषशास्त्र, संख्याशास्त्र, अर्गोनॉमिक्स (काम माणसाच्या शरीराला साजेसे करण्याचे शास्त्र) आणि हॅझॉप (प्रक्रियेतले संभाव्य धोके पद्धतशीरपणे शोधण्याची पद्धत) आहेत का, की निम्मा अभ्यासक्रम कायद्याची कलमे पाठ करण्यात जातो? कलमे बदलतात, बेंझीनचा रक्तावर होणारा परिणाम बदलत नाही. तिच्या रसायनशास्त्राचा खरा उपयोगही इथेच आहे. प्रयोगशाळेत हवेचे नमुने घेणारे पंप नुसते कपाटात आहेत की विद्यार्थी ते स्वतः कॅलिब्रेट करतात, म्हणजे त्यांची अचूकता तपासून जुळवतात? शिकवणाऱ्यांपैकी कुणी प्लांटवर काम केले आहे का? आणि इंटर्नशिपचे जुने अहवाल जरूर मागा, कंपनीचे नाव झाकून दिले तरी चालतील. विद्यार्थ्याने स्वतः धोका शोधून उपाय सुचवला असेल, तर पहिल्या दोन पानांतच कळते. नुसते ‘कामगारांना हेल्मेटचे महत्त्व पटवून दिले’ असे असेल तर ते विद्यापीठ खोडा, क्रमवारीत कितीही वर असले तरी.

तीनपैकी एक मी आज निवडून देणार नाही. ही चौकशी मुलीला करू द्या. विभागप्रमुखांना फोन तिने करावा, तुम्ही नव्हे. शक्य असेल तर प्रवेशाआधी एखाद्या कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरबरोबर तिला एक पूर्ण पाळी काढू द्या, रात्रपाळी मिळाली तर अधिक चांगले. त्यानंतर तिला हे क्षेत्र नकोसे वाटले, तर विश्लेषणात्मक रसायनशास्त्र हा तिच्यासाठी उत्तम आणि प्रामुख्याने प्रयोगशाळेतला मार्ग आहे. हवेच वाटले, तर तुमची अट मागे घ्या आणि पुढचे पत्र तिला लिहू द्या.