वाचकांचे प्रश्न : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील रायफल, समतेचा जाहीरनामा आणि एक चित्र

प्रश्न (एक वाचक, सातारा) : अमेरिकेतील शेतकऱ्यांकडे लांब नळीच्या रायफली होत्या आणि इंग्रजांकडे साध्या बंदुका, म्हणून अमेरिका स्वतंत्र झाली, असे वाचनात आले. हे खरे मानावे काय?

उत्तर : रायफलीचे कौतुक रास्त आहे, परंतु युद्धाचे सारे श्रेय तिच्या पदरात टाकता येत नाही. पेन्सिल्वेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात, स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी ती घडवली. नळीच्या आतील पेचदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडे आणि कसलेला नेमबाज २०० यार्डांवरचा माणूस टिपू शकत असे. इंग्रज पायदळाच्या ‘ब्राउन बेस’ मस्केटची, म्हणजे साध्या बंदुकीची, नळी आतून गुळगुळीत होती आणि तिचा नेम ८०-१०० यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. मात्र दोन्ही बंदुका ठासणीच्या होत्या आणि खरी मेख तिथेच होती. मस्केटीत गोळी सैल बसे, त्यामुळे कागदी काडतूस दातांनी फाडायचे, दारू ओतायची, गजाने ठासायचे आणि चाप ओढायचा, असे करत कवायती शिपाई मिनिटाला तीन बार काढी. रायफलीची गोळी चरबी लावलेल्या चिंधीत धरून खाचांतून घट्ट रेटत न्यावी लागे आणि तेवढ्या अवधीत समोरच्याचे दोन-तीन बार होऊन जात. शिवाय या रायफलीला संगीन बसत नसे, त्यामुळे संगिनी रोखलेली रांग अंगावर चालून आली की रायफलवाल्याला माघार घेण्यावाचून गत्यंतर उरत नसे.

ही उणीव ओळखून तिचाच डाव करणारा अमेरिकन सेनानी म्हणजे डॅनियल मॉर्गन. दक्षिण कॅरोलिनातील काउपेन्स येथे १७ जानेवारी १७८१ रोजी त्याने नेमबाज सर्वांत पुढे ठेवले, त्यांच्यामागे हंगामी शिपाई आणि त्यांच्याही मागे संगीनधारी कवायती पायदळ. हंगामी शिपायांना दोन फैरी झाडून मागे सरण्याचा हुकूम होता. शत्रू पळाला असे समजून इंग्रज सेनानी टार्लटनचे सैन्य विस्कळीत होऊन धावत आले आणि मागच्या रांगेवर आदळले. त्याच्या सुमारे ११०० शिपायांपैकी ८०० हून अधिक मारले गेले, जखमी झाले किंवा कैद झाले.

माझ्या मते मात्र बंदुकीपेक्षा दारूचा इतिहास अधिक लक्ष देण्याजोगा आहे. बोस्टनचा वेढा चालू असताना, ऑगस्ट १७७५ मध्ये, अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टनला कळले की माणशी जेमतेम नऊ बारांपुरतीच दारू शिल्लक आहे. दारूचा मुख्य घटक सोरा. उत्तम सोरा मिळे तो बंगाल-बिहारात आणि प्लासीनंतर त्या व्यापारावर ईस्ट इंडिया कंपनीची पकड बसलेली होती. गोठ्यातील मातीपासून सोरा काढण्याच्या कृती छापून वाटण्याची पाळी काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधिसभेवर, आली, तरीही भागेना. युद्धाच्या पहिल्या वर्षांतली बहुतेक दारू बाहेरून, मुख्यत्वे फ्रान्सकडून, आली. हजारो ‘शार्लव्हिल’ मस्केटीही तिकडूनच आल्या. तेव्हा श्रेय वाटायचेच झाले, तर फ्रेंच जहाजांचा वाटा रायफलीपेक्षा मोठा ठरेल.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ असे लिहिणारे जेफर्सन स्वतः गुलाम बाळगत होते. मग हे तत्त्वज्ञान ढोंगच नव्हे काय?

उत्तर : आयुष्यभरात जेफर्सन यांच्या मालकीत ६०० हून अधिक माणसे होती, हे खरेच आहे. ‘काळाचा दोष’ म्हणून त्यावर पांघरूण घालता येणार नाही, कारण ही विसंगती त्या काळच्या लोकांनाही दिसत होती. गुलामांचे मालकच स्वातंत्र्यासाठी सर्वांत मोठा आरडाओरडा कसा करतात, असा टोला इंग्लंडमधील सॅम्युएल जॉन्सन यांनी १७७५ मध्येच मारला होता. हे वाक्य ज्यात आहे त्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात जेफर्सन यांनी गुलामांच्या व्यापाराचे खापर राजावर फोडणारा एक परिच्छेद घातला होता. काँग्रेसने तो वगळला.

तरीही मी ‘ढोंग’ हा शब्द वापरणार नाही. इंग्रज तत्त्वज्ञ लॉक यांच्या विचारांतून आलेली ही भाषा ज्यांच्यासाठी लिहिली नव्हती, त्यांनीच ती उचलली. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे कलम होते. त्याच्या आधारे बेट नावाच्या गुलाम स्त्रीने १७८१ मध्ये मालकावर दावा लावला, ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला आणि पुढे ती एलिझाबेथ फ्रीमन म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे हस्तिदंतावर रंगवलेले छोटे व्यक्तिचित्र आजही बोस्टनमध्ये जपलेले आहे. निळा पोशाख, पांढरी टोपी, गळ्यात सोनेरी मण्यांची माळ आणि थेट पाहणारी नजर. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी याच परंपरेतील टॉमस पेन वाचले होते, आणि निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली.

प्रश्न (एक वाचक, इंदूर) : यॉर्कटाउनच्या शरणागतीच्या प्रसिद्ध चित्रात पांढऱ्या घोड्यावर बसलेले कॉर्नवॉलिस आहेत काय?

उत्तर : यॉर्कटाउनला शरण आलेल्या इंग्रज फौजेचे सेनापती कॉर्नवॉलिस त्या घोड्यावर नाहीत. वॉशिंग्टन शहरातील कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकन संसद भवनाच्या, घुमटाखाली असलेल्या, १२ फूट उंच आणि १८ फूट रुंद अशा, जॉन ट्रम्बुल यांच्या त्या चित्रात पांढऱ्या घोड्यावर अमेरिकन सेनापती बेंजामिन लिंकन आहेत. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी कॉर्नवॉलिस आजाराचे कारण सांगून आलेच नाहीत. त्यांनी दुय्यम अधिकारी ओहारा यांना पाठवले. मग वॉशिंग्टन यांनीही शरणागती स्वतः न स्वीकारता आपले दुय्यम लिंकन यांना पुढे केले. लिंकन यांना आदल्या वर्षी चार्ल्सटन येथे इंग्रजांपुढे शस्त्रे ठेवावी लागली होती आणि पराभूतांना मिळणारा लष्करी मानही तेव्हा नाकारला गेला होता, त्यामुळे ही निवड बोचरी होती.

कॉर्नवॉलिस यांची कारकीर्द मात्र या पराभवाने संपली नाही. १७८६ मध्ये ते गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आले. टिपूविरुद्धच्या युद्धात मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणपाशी उपासमारीमुळे त्यांना आपल्याच अवजड तोफा निकामी करून मागे फिरावे लागले, तेव्हा मेलकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन या मराठा सरदारांच्या फौजा धान्यासह त्यांना येऊन मिळाल्या. पुढील वर्षी टिपूने तह करून निम्मे राज्य सोडले, आणि त्यातला एक वाटा पेशव्यांकडे आला.