इंग्रजीचा अभ्यास चार दिवसांत गार का पडतो?

"मॅडम, मी सुरू करतोय आणि चार दिसांत गार पडतोय. माझ्यात इच्छाशक्तीच न्हाई." जून 2021 मधला फोन. मुलगा करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. कोल्हापुरात कोरोनाचे निर्बंध होते, त्यामुळे सगळं बोलणं फोनवरच.

आधी झोप, जेवण, घरातलं आजारपण विचारून घेतलं. दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल तर प्रश्न इंग्रजीचा नसतो. तिथे डॉक्टर लागतात, आणि आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही आहे. याचं तसं नव्हतं. क्रिकेटचा विषय निघाला तर थांबवावं लागलं.

मग एकच विचारलं: तोंडातून इंग्रजी शेवटचं कधी निघालं? बराच वेळ शांतता. "प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत. मागच्या वर्षी, फेब्रुवारीत."

मार्च 2020 पासून तास मोबाइलवर, कॅमेरा बंद, माइक बंद. परीक्षा पर्यायावर खूण करायची. सव्वा वर्षात एक वाक्य जुळवायची वेळ आली नव्हती. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो कोण भरून ठेवेल? आटला होता तो वापर. इच्छाशक्तीच्या नावानं उगाच खडे फोडले जात होते.

त्यानं आजवर करून पाहिलेला उपाय म्हणजे रोज 30 शब्द वहीत. पाचव्या दिवशी 150 शब्दांची उजळणी अंगावर येते, न आठवलेले तेवढे मोजले जातात आणि वही कपाटात जाते. ही वही जवळपास प्रत्येकाकडे सापडते.

"इंग्लिश आलं पाहिजे" म्हणजे नेमकं कुठे, असं खोदून विचारल्यावर गाडी शिरोली एमआयडीसीत पोचली. फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये नोकरी हवी होती. तिथे साचे करायच्या वाळूचा ओलावा तपासून रिपोर्ट लिहायचा, ऑडिटला आलेल्याला तोंडी सांगायचं. सुरुवातीला एवढं इंग्रजी पुरे.

ठरलं ते असं: डेअरीत दूध घालून आल्यावर, चहाआधी, 12 मिनिटं. एक विषय मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. आधी 2 मिनिटांत, मग तोच दीड मिनिटात, मग एका मिनिटात. काय सांगायचं ते पहिल्या फेरीत बसतं, म्हणून पुढे डोकं वाक्यांकडे मोकळं राहतं. दोन फेऱ्यांमध्ये एकच चूक सुधारायची. तीन सुधारायला गेलं की जीभ अडते. शब्द अडला तर मराठी घालून पुढे. मंगळवारी आणि शुक्रवारी तेच मित्राला फोनवर, कारण ऐकणारा नसला की रेकॉर्डिंग लवकरच बंद पडतं. वाचायला घेतलेल्या मजकुरात 100 शब्दांत 5 हून जास्त अडले तर तो बाजूला.

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये "माय फादर हॅव... हॅज..." इथे 20 सेकंद गेली. तिसऱ्या आठवड्यात मागे म्हैस हंबरली, तर "वेट, बफेलो हंग्री" म्हणून गडी पुढे गेला. ती चूक मुद्दाम सुधारली नाही.

जुलैअखेर पंचगंगेचा महापूर आला. जनावरं हलवली, दूध संकलन थांबलं, अभ्यासही थांबला. पाणी ओसरल्यावर फोन आला: "परत गार पडलो." दूध घालणं हीच अभ्यासाची घंटा होती, तीच बंद पडली होती. संकलन सुरू होईपर्यंत वैरण टाकून झाल्यावरची वेळ धरली, फक्त एका मिनिटाची फेरी. बुडालेले दिवस भरून काढायचे नव्हते.